पडद्यावरचे देह आणि मुलांच्या मनातला तराजू

वाचकहो, आपल्या घरात पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर एक छोटा प्रयोग करून पाहा. त्याने पूर्वी न पाहिलेला एखादा कार्टून चित्रपट लावा, आवाज बंद ठेवा आणि पात्रे एकेक करून पडद्यावर येऊ लागली की विचारा, "यातला चांगला कोण आणि वाईट कोण?" मूल क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देईल आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असेल. अजून कोणी कोणाचे काही बिघडवलेले नसते, कोणी कोणाच्या मदतीला धावलेले नसते. कथा सुरू व्हायची असते आणि निवाडा होऊन गेलेला असतो. नाकावरून, पोटावरून, रंगावरून, उंचीवरून मुलाने तो दिलेला असतो.

या निवाड्याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. सजीवांची चित्रे काढण्याबाबत शरीअतचा हुकूम काय, या प्रश्नावर उलमांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यात मतभेदही आहेत; ती चर्चा मी येथे उघडत नाही. आपली मुले कार्टून पाहत आहेत, जेवताना पाहत आहेत, प्रवासात पाहत आहेत, कुरआनचा सबक संपवून घरी गेल्यावर पाहत आहेत, ही वस्तुस्थिती आहे. पाहून झाल्यावर माणसाकडे बघण्याची कोणती नजर घेऊन ती उठतात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

नटनट्यांच्या चित्रपटात नटाला अल्लाहने दिलेला चेहरा असतो. दिग्दर्शक त्याला रंगवू शकतो, पण त्याचे नाक, खांदे आणि चाल नटाबरोबर येतात. रेखाटलेल्या चित्रपटात असे काहीच आपोआप येत नाही. तेथे प्रत्येक देह कोणीतरी ठरवलेला असतो. कंबर किती बारीक असावी, डोळे किती मोठे असावेत, दुष्टाच्या भुवया कोठे वळाव्यात, हे सगळे कागदावर ठरते, पुन्हा पुन्हा खोडले जाते आणि मगच पडद्यावर येते. म्हणून तेथे लठ्ठ माणूस मूर्ख निघाला आणि काळ्या आयाळीचा सिंह कपटी निघाला तर तो योगायोग मानता येत नाही.

१९३७ साली डिस्नेचा 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. त्यातील राणी आरशाला रोज विचारते की सर्वांत सुंदर कोण, आणि आरशाचे उत्तर बदलते त्या दिवशी ती एका मुलीचा जीव घ्यायला निघते. इथपर्यंत कथा मत्सराविरुद्ध बोलते असे म्हणता येईल. परंतु ती राणी स्वतः देखणी असते आणि प्रत्यक्ष पाप करण्यापूर्वी तिला आपले रूप टाकावे लागते. ती वाकलेली, आकड्यासारख्या नाकाची, चामखीळ असलेली म्हातारी होते आणि मगच विषारी सफरचंद हाती घेते. 'सिंड्रेला' (१९५०) मध्ये सावत्र बहिणींचा दुष्टपणा त्यांच्या बेढब चेहऱ्यांत आणि काचेच्या बुटात न मावणाऱ्या मोठ्या पायांत दाखवलेला आहे. मोठे पाऊल हा कधीपासून गुन्हा झाला, हे त्या पाच वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? 'द लिटल मरमेड' (१९८९) मधील उर्सुला ही चेटकीण विलक्षण लठ्ठ आहे, आणि राजपुत्राला फसवण्याची वेळ येते तेव्हा ती सडपातळ तरुणीचे रूप धारण करते. त्याच चित्रपटात सोळा वर्षांची नायिका एरियल दोन पायांच्या मोबदल्यात आपला आवाज देऊन टाकते. 'द लायन किंग' (१९९४) मधील दुष्ट काकाचे नावच 'स्कार', म्हणजे जखमेचा व्रण असे आहे.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण १९९२ च्या 'अलादीन'चे आहे. अरबांच्या एका काल्पनिक नगरात घडणारी ही कथा. नायकाचा चेहरा रेखाटताना चित्रकारांपुढे टॉम क्रूझ या अमेरिकन अभिनेत्याचा नमुना होता. नायक-नायिका गोऱ्या धाटणीचे आणि अमेरिकन उच्चारात बोलणारे. बाजारातले व्यापारी आणि शिपाई मात्र जाड नाकाचे, उग्र आणि परक्या उच्चाराचे. एका गाण्यात तर त्या प्रदेशात चेहरा आवडला नाही म्हणून कान कापतात, अशा आशयाची ओळ होती. अमेरिकेतील अरब नागरिकांच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर १९९३ च्या घरगुती आवृत्तीत ती बदलण्यात आली. ओळ बदलली, नाके तशीच राहिली. आपली मुले हा चित्रपट आवडीने पाहतात, आणि त्यात जे चेहरे त्यांच्या आजोबांसारखे आहेत ते हसण्यासाठी किंवा भिण्यासाठी आहेत, हे आपल्या लक्षातही येत नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सारे जुने झाले, आता राजकन्या धनुष्य घेऊन घोड्यावर बसतात. खरे आहे. २०१२ साली 'ब्रेव्ह' या चित्रपटात मेरिडा नावाची विस्कटल्या केसांची, गोल चेहऱ्याची, लग्नाला नकार देणारी राजकन्या आली. पुढच्याच वर्षी कंपनीने तिला आपल्या राजकन्यांच्या अधिकृत मालिकेत घेतले, तेव्हा प्रसिद्ध झालेल्या चित्रात तिची कंबर बारीक झाली होती, केस नीट बसवलेले होते, गळा उतरला होता आणि धनुष्य नाहीसे झाले होते. ज्या दिग्दर्शिकेने हे पात्र कल्पिले त्या ब्रेंडा चॅपमन यांनीच जाहीर निषेध केला आणि दोन लाखांहून अधिक लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या. मला या घटनेत कंपनीच्या लबाडीपेक्षा सवयीचे बळ अधिक दिसते. चित्रपटाने अडीच वर्षांपूर्वीची चौकट मोडली असे नव्हते, ती पाऊणशे वर्षांची होती. विक्रीची वेळ येताच हात आपोआप त्या चौकटीकडे वळला.

अमेरिकेतील दोन संशोधक स्त्रियांनी २०१० साली तीन ते सहा वर्षांच्या १२१ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. राजकन्यांच्या चित्रपटांतील तुकडे पाहिल्यावर मुलींचे स्वतःच्या शरीराविषयीचे मत लगेच बिघडले, असे त्यांना आढळले नाही. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण कार्टूनच्या माथी सगळे खापर फोडणे सोपे असते. परंतु त्याच अभ्यासात जवळपास निम्म्या मुलींना आपण लठ्ठ तर नाही ना, ही चिंता आधीपासूनच होती. तीन ते सहा वर्षे! म्हणजे मूल चित्रपटासमोर बसते तेव्हा त्याच्या हाती तराजू आलेला असतो. तो कोणी दिला, याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी या तराजूचा मूळ कारागीर कोण, ते पाहू. कुरआनमध्ये आदम (अलै.) यांच्या निर्मितीचा प्रसंग अनेक ठिकाणी आला आहे. इब्लीसला आदमपुढे झुकण्याची आज्ञा झाली तेव्हा त्याने नकार दिला आणि कारण दिले ते घडणीचे: मी अग्नीपासून बनलो आहे आणि हा मातीपासून. आदमने अजून काही केले नव्हते. त्याचे ज्ञान, त्याची तौबा, त्याची संतती, काहीही इब्लीसने विचारात घेतले नाही. त्याने द्रव्य पाहिले आणि दर्जा ठरवला. देहावरून माणसाची किंमत ठरवण्याचा हा पहिला प्रसंग, आणि तो कोणाच्या नावावर नोंदला गेला आहे हे आपण जाणतोच.

येथे एक शंका रास्त आहे. मग इस्लामला सौंदर्य नको आहे काय? तसे नाही. सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीस आहे की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अहंकाराबद्दल इशारा दिला, तेव्हा एकाने विचारले की माणसाला आपले कपडे आणि जोडे चांगले असावेत असे वाटते, त्याचे काय? त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे. आपण हे वाक्य येथेच तोडतो आणि अत्तराच्या दुकानात लावतो. त्याच हदीसमध्ये पुढे अहंकाराची व्याख्या आहे: सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. एकाच उत्तरात सौंदर्याची आवड निर्दोष ठरवली गेली आणि माणसाची तुच्छता निषिद्ध ठरवली गेली. राजकन्या सुंदर असण्याला माझी हरकत नाही. तिच्या सौंदर्याची किंमत कोणा लठ्ठ, बुटक्या, व्रण असलेल्या पात्राकडून वसूल केली जाते, तेथे हरकत आहे.

ही वसुली किती सहज होते हे पाहायचे असेल तर २००१ चा 'श्रेक' पाहावा. बाह्य रूपावर जाऊ नका हेच सांगण्यासाठी तो बनवलेला आहे. नायक हिरवा, ओबडधोबड राक्षस आहे. राजकन्या फियोना शेवटी सुंदर होण्याऐवजी त्याच्यासारखीच राहते आणि तेच तिचे खरे रूप ठरते. कथा मनापासून आवडावी अशी आहे. पण त्या चित्रपटातला खलनायक लॉर्ड फारक्वाड बुटका आहे, आणि त्याच्या क्रूरतेपेक्षा त्याच्या उंचीवरच प्रेक्षकांना अधिक हसवले जाते. रूपावरून माणूस ओळखू नये, असे तास-दीड तास सांगणाऱ्या कथेला आपल्या विनोदासाठी एक ठेंगणा माणूस लागलाच.

ठेंगणेपणाच्या थट्टेवर आपल्याकडे एक हदीस आहे, अबू दाऊद आणि तिरमिजी यांनी नोंदवलेली. हजरत आयेशा (रजि.) यांनी एकदा हजरत सफिय्या (रजि.) यांच्याविषयी बोलताना त्यांच्या कमी उंचीकडे नुसता निर्देश केला. घरातला प्रसंग, सवतींमधले बोलणे, कदाचित हाताची एक खूण. प्रेषितांनी (स.) ते सोडून दिले नाही. त्यांनी सांगितले की तू असा शब्द बोललीस की तो समुद्राच्या पाण्यात मिसळला तर ते पाणीही गढूळ व्हावे. त्याच हदीसमध्ये पुढे येते की आयेशा (रजि.) यांनी त्यांच्यासमोर कोणाची तरी नक्कल केली, तेव्हा मोठ्या मोबदल्यातही मला कोणाची नक्कल करणे आवडणार नाही, असे ते म्हणाले. या दोन गोष्टी एकत्र येतात हे मला महत्त्वाचे वाटते. एखाद्याच्या देहाचा एक भाग उचलायचा, तो फुगवायचा आणि तोच पूर्ण माणूस म्हणून दाखवायचा, ही नकलेची रीत आहे. व्यंगचित्राचीही तीच रीत आहे. आपण सोफ्यावर बसून ज्याला करमणूक म्हणतो, त्याच्या एका शब्दाने समुद्र गढूळ होतो असे सांगणाऱ्या प्रेषितांचे आपण अनुयायी आहोत.

आता आपल्या देशातील पडद्याकडे येऊ. 'छोटा भीम' ही हैदराबादमध्ये तयार झालेली मालिका २००८ पासून मुलांच्या जिभेवर आहे. त्यातील आडदांड, मत्सरी मुलाचे नाव कालिया. नाव ऐकताच काळा रंग आठवतो, आणि देह जाडजूड. 'मोटू पतलू' मध्ये तर देहच नाव झाले आहे. मोटू मनाने चांगला आहे हे मान्य, पण समोशापुढे त्याला दुसरे काही सुचत नाही. जपानहून आलेल्या 'डोरेमॉन' मध्ये दुबळ्या नोबिताला बडवणारा जियान पुन्हा लठ्ठच. दोन देशांत, तीन मालिकांत, वर्गातल्या जाड मुलासाठी दोनच जागा राखून ठेवलेल्या: गुंडाची किंवा विदूषकाची.

असरनंतर मी लहान मुलांना कुरआन शिकवतो. त्या वर्गात एक सावळा, अंगाने भरलेला, आठ वर्षांचा मुलगा आहे. इतर मुले त्याला 'कालिया' म्हणू लागली. सुरुवातीला तो रडत असे. काही दिवसांनी रडणे थांबले आणि तो खरोखरच लहान मुलांना ढकलू लागला, त्यांच्या टोप्या पळवू लागला. मी त्याला बाजूला बोलावून विचारले तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, "मौलाना, कालिया तसंच करतो ना." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला एक भूमिका मिळाली होती आणि तो ती नीट वठवत होता. मुले आदर्श निवडतात असे आपण म्हणतो. काही मुलांना आदर्श निवडण्याची संधीच मिळत नाही. त्यांचा देह पाहून दुसरेच त्यांचे पात्र ठरवून टाकतात.

सूरह अल्-हुजुरातच्या अकराव्या आयतीत अल्लाहने पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची थट्टा करण्यास मनाई केली आहे. ज्याची थट्टा होते तो थट्टा करणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ असू शकतो, असे कारण तेथे दिले आहे. पुढे, एकमेकांना वाईट नावांनी हाका मारू नका, असा वेगळा उल्लेख आहे. स्त्रियांचा उल्लेख स्वतंत्रपणे का आला, यावर मुफस्सिरांनी लिहिले आहे. मला येथे नावांचा मुद्दा घ्यायचा आहे. मी मराठी घेऊन बी. ए. केले, तेव्हा एक गोष्ट मनात राहिली. आपल्या समृद्ध मातृभाषेत दुसऱ्याच्या शरीरावर बोट ठेवणारे किती शब्द आहेत! ढोल्या, लुकडा, बुटक्या, काळुंद्री, चकणा, फेंगडा. उंच असाल तर ताडमाड, केस विरळ असतील तर टकल्या. कोणत्याही आईने ही यादी कार्टूनमधून शिकलेली नाही. त्या अमेरिकेतील मुलींप्रमाणे आपल्या मुलांच्या हातीही तराजू घरातूनच जातो. "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील," हे दादी म्हणते; "हिच्या लग्नात त्रास होणार," हे फुफी म्हणते; अम्मी हळदीचा लेप लावते. या तिघींच्या मनात प्रेमच असते. नंतर पडद्यावर गोरी, सडपातळ मुलगी जिंकते आणि मुलीला वाटते, घरचे म्हणतात ते खरेच आहे.

स्त्रियांच्या एका दर्सनंतर एका मातेने पडद्याआडून प्रश्न विचारला. तिची नऊ वर्षांची मुलगी नमाजची पक्की आहे, तिने आईला विचारले होते, "अम्मी, जन्नतमध्ये मी गोरी होईन का?" आई पुढे म्हणाली, "मौलाना, कुरआनमध्येही त्या दिवशी काही चेहरे उजळ आणि काही काळे होतील असे आहे ना? मी तिला काय सांगू?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सूरह आलिइम्रानच्या १०६ व्या आयतीत तसा उल्लेख आहेच. पण कुरआनचा अर्थ प्रथम कुरआनलाच विचारावा, असे आमचे उस्ताद शिकवीत. सूरह अन्-नहलच्या ५८ व्या आयतीत अज्ञानकाळातील त्या बापाचे वर्णन आहे ज्याला मुलगी झाल्याची बातमी मिळते आणि त्याचा चेहरा काळा पडतो. तेथेही तोच धातू, तोच शब्द. त्या बापाची कातडी बदलली, असे कोणी समजत नाही. दुःख, लाज आणि संताप यांनी चेहरा काळवंडला, असाच अर्थ सर्वजण घेतात. मराठीतही बातमी ऐकून माणसाचा चेहरा काळाठिक्कर पडतो आणि आनंदाने उजळतो, मग तो माणूस कोणत्याही रंगाचा असो. रंगांविषयी कुरआन थेट बोलतो ते सूरह अर्-रूममध्ये, आणि तेथे भाषांची व रंगांची विविधता ही आकाश व पृथ्वीच्या निर्मितीबरोबर अल्लाहच्या निशाण्यांत मोजलेली आहे. मी त्या मातेला एवढेच सांगितले की मुलीला ही आयत शिकवा आणि विचारा, अल्लाहने ज्याला आपली निशाणी म्हटले ते पुसून टाकायची तिला घाई का झाली आहे?

आता मुलग्यांविषयी थोडे, कारण देहाची चर्चा निघाली की आपण केवळ मुलींचा विचार करतो. मुलांच्या पडद्यावरील वीरांचे खांदे दारापेक्षा रुंद असतात. २०१५ साली दुबईच्या चित्रपट महोत्सवात हजरत बिलाल (रजि.) यांच्या जीवनावरील 'बिलाल' हा अॅनिमेशनपट दाखवला गेला. मुसलमानांनी आपल्या मुलांसाठी असा खर्चिक चित्रपट बनवला, याचा मला आनंदच आहे. पण तेथेही मोठेपणीचा बिलाल पिळदार बाहूंचा, तलवार चालवणारा योद्धा दिसतो. बिलाल (रजि.) लढायांत सहभागी होते, हे खरे. परंतु उम्मतने त्यांना ज्या दोन प्रसंगांसाठी हृदयात ठेवले आहे त्या दोन्हींत तलवार नाही. एकात ते मक्केच्या तापल्या वाळूवर पडलेले आहेत, छातीवर दगड आहे, शरीर पूर्ण हतबल आहे आणि ओठांवर अल्लाह एक असल्याची ग्वाही आहे. दुसऱ्यात ते अजान देत आहेत. चित्रपटाला हतबल देहातले सामर्थ्य दाखवणे अवघड जाते, म्हणून तो स्नायू दाखवतो.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पिंढऱ्या अतिशय बारीक होत्या. मिसवाक तोडण्यासाठी ते अराकच्या झाडावर चढले, वाऱ्याने वस्त्र हलले, पाय दिसले आणि लोक हसले. प्रेषितांनी (स.) हसण्याचे कारण विचारले आणि शपथेवर सांगितले की अल्लाहच्या तराजूत हे पाय उहुद पर्वतापेक्षा जड आहेत. मुस्नद अहमदमधील ही रिवायत मी मुलांना सांगतो तेव्हा वर्गातील सर्वांत लुकडा मुलगा पुढे सरकून बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. बलवान श्रद्धावंत अल्लाहला अधिक प्रिय आहे, हीही हदीस आहे आणि शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, असेही प्रेषितांनी (स.) सांगितले. म्हणून मुलाने खेळावे, धावावे, रात्री वेळेवर झोपावे, वेफर्सच्या पाकिटावर दिवस काढू नये. शरीर ही अमानत आहे. तिची निगा राखायची असते. निगा राखणे आणि लाज बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलीला शरीराची लाज वाटते ती त्याची निगा राखत नाही, ती त्याला उपाशी ठेवते.

आदर्शाच्या बाबतीत आपल्या परंपरेत एक गोष्ट अशी आहे की तिचे मोल मला या विषयाचा विचार करताना नव्याने जाणवले. सूरह अल्-अहजाबमध्ये ज्यांच्या जीवनाला उत्तम आदर्श म्हटले आहे, त्यांचे चित्र आपण काढत नाही. २००२ मध्ये प्रेषितांच्या (स.) जीवनावर जो अॅनिमेशनपट निघाला त्यातही त्यांना दाखवलेले नाही. चित्राच्या मनाईमागे मूर्तिपूजेकडे नेणारी वाट बंद करण्याचा हेतू आहे, हे आपण जाणतो. पण तिचा एक परिणाम असाही आहे की जगातल्या कोणत्याही मुसलमान मुलाला आपल्या आदर्शापुढे आरसा धरून उभे राहावे लागत नाही. आपले नाक त्यांच्यासारखे आहे की नाही, या विवंचनेत कोणी पडत नाही. सेनेगलचा मुलगा आणि रत्नागिरीचा मुलगा त्यांच्यापासून सारख्याच अंतरावर उभा असतो.

याचा अर्थ त्यांच्या देहाविषयी आपण मौन बाळगतो असा नाही. इमाम तिरमिजी यांच्या 'शमाइल'मध्ये सहाबांनी किती प्रेमाने ते वर्णन केले आहे! मध्यम उंची, रुंद खांदे, अगदी सरळही नाहीत आणि अगदी कुरळेही नाहीत असे केस, पांढरे केस वीसदेखील नव्हते असे हजरत अनस (रजि.) सांगतात. पांढरे केस मोजण्याइतके ते जवळ होते आणि मोजण्याइतके प्रेम होते. हे वाचताना कोणालाही आपल्या देहात न्यून वाटत नाही, कारण या वर्णनाचे अनुकरण करा असे कोणी म्हणत नाही. अनुकरण त्यांच्या सचोटीचे, मुलांना सलाम करण्याचे, हसण्याचे करायचे असते. तेथे देहावर प्रेम आहे आणि देहाचा तराजू नाही.

मग टीव्ही फोडून टाकावा काय? काही घरांनी तो बंद केला आहे आणि त्यांचे चांगले चालले आहे. पण ज्या घरात टीव्ही नाही आणि 'ढोल्या' ही हाक आहे, त्या घराने विशेष काही मिळवले असे मला वाटत नाही. मुलांच्या कल्पनेला अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) कसे वागवले, तेही पाहा. हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांत कापडाचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख असतात का, असे त्यांनी विचारले. आयेशा (रजि.) उत्तरल्या की हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे तुम्ही ऐकले नाही काय? त्यावर ते इतके हसले की दाढा दिसल्या. पंखांचा घोडा त्यांनी हिसकावला नाही. त्यांनी त्याविषयी विचारले आणि उत्तर ऐकले.

आपणही मुलांजवळ बसून विचारू शकतो. उर्सुला बारीक असती आणि एरियल जाड असती, तर तुला कोण आवडले असते? फारक्वाड उंच असता तर तो कमी दुष्ट ठरला असता का? कालियाने भीमला मदत केली असा एखादा भाग तू रचून सांगशील? माझ्या वर्गात हा शेवटचा प्रश्न विचारला, तेव्हा ज्याला कालिया म्हणत त्यानेच सर्वांत लांब गोष्ट सांगितली. तीत पूर आला होता आणि कालिया सगळ्यांना खांद्यावर घेऊन पलीकडे नेत होता, कारण तेवढे वजन दुसऱ्या कोणाला उचलत नव्हते. ती संपेपर्यंत मगरिबची वेळ झाली.

आणि एक विनंती थोरांना. लग्नाच्या बायोडाटात आपण मुलीच्या नावाखाली 'रंग गोरा, बांधा सडपातळ' असे लिहितो किंवा सुनेच्या अपेक्षेत तेच मागतो. हा कागद घरातल्या लहान मुलीही वाचतात. कार्टूनपेक्षा लक्ष देऊन वाचतात, कारण तो त्यांच्या आपाविषयी किंवा फुफीविषयी असतो. पुढच्या वेळी ती ओळ गाळून पाहा. मुलीला कुरआनचा किती भाग पाठ आहे, ती काय शिकली, आजारी दादीचे औषधपाणी कोण पाहत होते, हे त्या ठिकाणी लिहिता येईल. जागा तेवढीच लागते.